मालवणी बोलला म्हणून विश्वास ठेवला

मी मालवणची, दांडीवर आमचं घर. सध्या लंडनला एम.एस्सी. करतेय. नोव्हेंबरमध्ये नाटकाच्या तिकिटांच्या नावाखाली माझ्या बाबांच्या खात्यातून साडेनऊ हजार रुपये गेले. जानेवारीच्या प्रवेशासाठी आपल्याकडची बरीच मुलं इथे येतील, म्हणून झालं तसं सगळं लिहितेय.

लहानपणी नाटक बघितलं ते जत्रेतच. देवळासमोर दशावतार, रात्री उशिरा सुरू होणार, संकासुर आला की मी आईच्या पदरात तोंड लपवायची. तिकीट हा प्रकारच नव्हता. त्यामुळे वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या नाटकांच्या भागातल्या, जुन्या थिएटरात एकदा तरी बसायचं, हे मी इथे आल्यापासून मनात धरलं होतं.

मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं: आज संध्याकाळची दोन तिकिटं आहेत, मित्र आजारी पडला, पंचेचाळीस पौंडाला एक. मी मेसेज केला, तर त्याने लगेच फोनच लावला. ‘‘काय गो, तू मालवणची मा? मी देवगडचो.’’ तीन महिन्यांनी कोणीतरी माझ्याशी मालवणीत बोलत होतं. आमच्या बाजारपेठेबद्दल, भरडावरच्या गर्दीबद्दल बोलला. मी एकही उलट प्रश्न विचारला नाही.

मग म्हणाला, पौंडात कशाला देतेस, बाबांना सांग, माझ्या गावच्या खात्यावर जीपे करतील. मला ती सोय वाटली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. ब्रिटनमधल्या बँकेतून तिथल्याच खात्यात पैसे पाठवले असते, तर फसवून पाठवायला लावलेल्या पैशांबद्दलच्या तिथल्या 7 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे बँकेकडे भरपाई तरी मागता आली असती. भारतातून भारतात गेलेल्या पैशाला तो नियम लागूच होत नाही. हे त्याला पक्कं माहीत असणार, असं मला आता वाटतं.

बाबांनी रात्री अकराला, झोपता झोपता पैसे पाठवले. मला दोन पीडीएफ आल्या. सीट नंबर, क्यूआर कोड, सगळं व्यवस्थित.

साडेसातचा प्रयोग होता. दारावरच्या मुलीने माझा फोन स्कॅन केला आणि तिच्या हातातल्या यंत्रावर लाल दिवा लागला. पुन्हा केला, पुन्हा लाल. ही तिकिटं आधीच आत गेली आहेत, म्हणाली. बॉक्स ऑफिसवर विचारलं, बुकिंग कोणाच्या नावावर आहे? मला नाव सांगता येईना. माझ्यामागे एक मुलगा उभा होता, त्याच्या फोनवर त्याच रांगेतली तीच सीट. एकच कोड कितीही जणांना पाठवता येतो, पण दारातून आत सोडतात ते पहिल्याला. आतली घंटा झाली, दार लागलं. मी आणि माझी रूममेट पावसात बाहेर.

मालवणात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी रडतच फोन केला. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘पैशे गेले ते गेले. तू खंय आसस? आधी घराक जा.’’ मग त्यांनी त्याच रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. लगेच केली म्हणून त्या खात्यात उरलेले चार हजार गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढे गेले होते.

लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएस नावाची खिडकी आहे, तिथे त्याच दिवसाची अधिकृत तिकिटंसुद्धा सवलतीत मिळतात. बरीच थिएटरं त्या दिवसाची काही तिकिटं स्वतःच कमी दरात सोडतात. ग्रुपवरच्या माणसाकडून घेणारच असाल, तर आधी बॉक्स ऑफिसला फोन करून बुकिंग खरं आहे का आणि ते तुमच्या नावावर करून मिळेल का, हे विचारा. तो गाववाला निघाला तरी विचारा. आणि पैसे गेलेच, तर लाजेपोटी सकाळपर्यंत थांबू नका.

गोठवलेले चार हजार अजून सुटायचे आहेत. बाबांना उद्या जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावलंय. सध्या बांगडा चांगला लागतोय, पण उद्या त्यांची होडी किनाऱ्यावरच राहणार.