जेलवालं ड्रेसिंग: आठ महिने वापरल्यावर

पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, सिस्टर आहे. गेल्या पावसाळ्यात मोठ्या मुलांच्या आयसीयूसाठी क्लोरहेक्झिडिन जेलची ड्रेसिंग आली. शिरेत घातलेली नळी, म्हणजे लाइन, जिथे कातडीत शिरते तिथे वरून चिकटवायची ही पट्टी. त्यातला एक खोका आमच्या ट्रॉलीत शिरला. जंतुनाशक म्हटल्यावर सगळ्याच खूश.

चिकटतं झकास, हे खरं. इनक्युबेटरमध्ये दमटपणा ऐंशी टक्क्यांवर असला की साधी पारदर्शक फिल्म कडेने सुटते. हे हलत नाही. जेलमधून लाइनची जागाही दिसते.

मग नऊशे ग्रॅमच्या एका बाळाच्या पिक लाइनवर (हातापायातून मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी) लावलं. तिसऱ्या दिवशी जेलच्या खालीच, बरोबर तेवढ्या चौकोनात, कातडी लाल आणि ओलसर. एवढ्या लवकर आलेल्या बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, औषध सरळ आत झिरपतं. सलाइनने भिजवून, वर न ओढता आडवं ताणत काढलं, वीस मिनिटं लागली. नंतर खोका उलटून पाहिला. बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं: अकाली जन्मलेल्या आणि दोन महिन्यांहून लहान बाळांना वापरू नये. आम्ही कुणी वाचलंच नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी मग २००१चा अमेरिकेतला अभ्यास दाखवला. ७०५ नवजात बाळं, लाइनभोवती ठेवायची क्लोरहेक्झिडिनची चकती. लाइनच्या टोकावर जंतू कमी सापडले, २४ टक्क्यांऐवजी १५. पण लाइनमुळे रक्तात होणारा संसर्ग काही कमी झाला नाही. आणि हजार ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळांत सुमारे १५ टक्क्यांना कातडीचा त्रास.

आता छोट्यांना साधी फिल्मच. सुटली किंवा मळली तरच बदलायची, ठरावीक वारी नाही. दर बदलाला दोऱ्याएवढी लाइन सरकायची भीती. माझं लक्ष आता हबवर, म्हणजे लाइनच्या बाहेरच्या तोंडावर, असतं. औषध द्यायच्या आधी स्पिरिटच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासायचं, मग सुकू द्यायचं. रात्री तीनला, दोन बाळं रडत असताना, पंधरा सेकंद मोजून पाहा म्हणजे कळेल.

मोठ्या मुलांच्या सिस्टर मात्र याच ड्रेसिंगवर समाधानी आहेत. खोका त्यांच्या कपाटात परत गेला, वर लाल पेनाने ‘एनआयसीयू नाही’. तरी रात्रपाळीची नवी मुलगी परवा विचारत होती, "ताई, ते छान चिकटणारं कुठे गेलं?"