डेंटल लॅबचा मायक्रोमोटर लांडग्याच्या मणक्यावर चालतो का?

चालतो. पण डब्यातून निघाला तसा थेट टेबलावर घेऊ नका.

डॅशहुंड कुत्र्याची मणक्यातली डिस्क निसटली की हेमिलॅमिनेक्टॉमीसाठी, म्हणजे मणक्याची एका बाजूची कमान कापून मज्जारज्जूवरचा दाब काढायला, हवेवर चालणाऱ्या न्यूमॅटिक ड्रिलऐवजी मिनिटाला ३५,००० फेरे घेणारा हा विजेच्या मोटरचा संच पुण्यातल्या छोट्या दवाखान्यालाही परवडतो. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात आहे तसा भारतीय लांडगा म्हणजे वीसेक किलोचा गडी, पाठीचे स्नायू जाड, लॅमिना म्हणजे ती कमानही जाड. तिथे मोटरचा दम कळतो. बर, म्हणजे पुढचं कापणारं टोक, दाबला की फेरे घटतात आणि मोटर अडखळते. म्हणून दाबायचं नाहीच, ४ मिमीचा गोल बर रंगाचा ब्रश मारावा तसा हलका फिरवायचा. हाडाचा वरचा थर पांढरा, मधला लाल आणि रक्ताळलेला, मग पुन्हा पांढरा. हा दुसरा पांढरा दिसला की २ मिमीचा बर लावा. पापुद्रा उरला की मोटर बंद, पुढचं काम केरिसनने, म्हणजे हाड कुरतडायच्या चिमट्याने. मधल्या थराचं रक्त बोन वॅक्सने, म्हणजे हाडावर चोपडायच्या मेणाने थांबतं. संचात पाण्याची सोय नाही, त्यामुळे सहाय्यकाने सलाइनची धार सोडतच राहायची. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी मरतं, आणि खाली मज्जारज्जू आहे.

खरी खोट हँडपीसमध्ये, म्हणजे हातात धरायच्या भागात. स्वस्तातला असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करताना, बेअरिंग जातं. बर ऑटोक्लेव्ह करा, हँडपीसवर निर्जंतुक स्लीव्ह चढवा आणि तिचं तोंड घट्ट बांधा, नाहीतर हँडपीसवरून ओघळलेलं पाणी जखमेत पडतं. बर पकडून ठेवणारं कॉलेट झिजलं की बर थरथरतो. बरची २.३५ मिमीची दांडी बोटाने हलवून बघा, जराही खेळ असला तर तो हँडपीस बाद. बटण रिव्हर्सवर राहिलं तर बर कापत नाही, नुसता घासून तापतो. आणि गॉज दूर ठेवा, क्षणात गुंडाळला जातो.

लांडग्यात मात्र ड्रिलिंग हा सोपा भाग. कुत्र्याची लघवी दिवसातून तीन-चारदा हाताने दाबून काढता येते, लांडग्याला त्यासाठी दर वेळी गुंगी द्यावी लागेल. खोल वेदनेची जाणीव गेली असेल तर पाळीव कुत्र्यांतही शस्त्रक्रियेनंतर साधारण निम्मेच चालतात, तेव्हा आधी तेच ठरवा. गुंगीचा डार्ट मारल्यावर ही तपासणी भरवशाची राहत नाही. मागचे पाय आणि शेपूट त्याआधीच जाळीबाहेरून नीट बघून घ्या. टाके कातडीच्या आतून, विरघळणारे. नंतर चार ते सहा आठवडे लहान पिंजरा, उडी मारायला ओटा नसलेला.

घेणार असाल तर फूट पेडलसकट घ्या, हँडपीस दोन, आणि मोटरचे झिजणारे कार्बन ब्रश सुटे दुकानदाराकडून तेव्हाच मागून घ्या.