गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चुंबकीय पट्टा : सहा-सात महिने वापरून

आधी निकाल सांगून टाकते. पट्टा चांगला, चुंबकं बिनकामाची.

पावसाळ्याच्या तोंडावर माझा उजवा गुडघा बदलला. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. जुनी इमारत, लिफ्ट नाही. टाके निघाले, जखम सुकली, पण रात्री गुडघा ठणकायचा आणि सकाळी लाकडासारखा ताठ व्हायचा. तेव्हा ओळखीतल्या एका बाईंकडून हा पट्टा घेतला, अडीच हजारांच्या आसपास. जाड रबरी कापड, वेल्क्रोचे दोन बंद आणि आतल्या कप्प्यांत नाण्याएवढी चुंबकं. खोक्यावर ठळक छापलेलं, ८०० गाऊस (चुंबकाचा जोर मोजायचं एकक). "काकू, रक्तातलं लोह खेचलं जातं, रक्ताभिसरण वाढतं, सूज उतरते," असं त्यांचं म्हणणं.

लोहाची गोष्ट ऐकायला छान आहे. पण हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. एमआरआयच्या नेहमीच्या यंत्रात दीड टेस्ला, म्हणजे १५,००० गाऊसचं क्षेत्र असतं. त्यात झोपलेल्या माणसाचं रक्त काही एका बाजूला धावत नाही. शिवाय खोक्यावरचा आकडा फार तर चुंबकाच्या पृष्ठभागावरचा, पुढे जोर झपाट्याने कमी होतो. आमच्या ह्यांनी पट्ट्याच्या अस्तरावर माझ्या सलवारीच्या कापडाची घडी ठेवली आणि वर सेफ्टी पिन लावून पाहिली. पिन सरळ खाली पडली. त्याच्या पुढे कातडी, चरबी, आणि मग कुठे सांधा.

तरीही पट्टा बांधला की बरं वाटायचं, हे खोटं नाही. ऊब मिळते, गुडघा आवळून धरल्यासारखा राहतो, जिना उतरताना धीर येतो. प्रश्न एवढाच की यात चुंबकांचा वाटा किती? पट्टा धुता यावा म्हणून कप्पे उघडतात. ह्यांना तेवढंच निमित्त. कधी आत चुंबकं, कधी रुपयाची नाणी, आणि मला सांगायचं नाही. फ्रिजला लावून बघायचं नाही अशी अट. मी रोज रात्री दुखणं दहापैकी किती ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचे. नंतर सगळे आकडे शेजारी मांडले तर नाण्यांचे दिवस कुठले आणि चुंबकांचे कुठले, कुणालाही ओळखता आलं नसतं. नाण्यांच्या एका आठवड्यात तर मी "आज पट्ट्याने कमाल केली" असं शेजारच्या वहिनींना सांगून आले होते!

एका गुडघ्यावरचा घरगुती प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, मान्य. पण २००७ साली भूलशास्त्राच्या एका नियतकालिकात अशीच एक चाचणी छापून आली आहे. ऑपरेशननंतर दुखत असलेले १६५ रुग्ण. काहींच्या जखमेवर खरी चुंबकं, काहींच्या नकली, दोन तास. ना दुखणं कमी झालं, ना मॉर्फीन हे जोरदार वेदनाशामक कमी लागलं.

क्लिनिकमध्ये 'मॅग्नेटो' म्हणून जे देतात ते वेगळं. त्यात कॉइलमधून विजेचे ठोके सोडतात आणि चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहतं. न जुळणारं हाड जुळावं म्हणून अशा उपकरणाला अमेरिकेत १९७९ सालीच मान्यता मिळाली. पण ते हाडाचं, आणि ते यंत्र. त्याची पुण्याई पट्ट्यातल्या चकत्यांना लावून विकतात, याचा मला खरा राग आहे.

मला उतार पडला तो बर्फाने, वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी आणि व्यायामाने. फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, टाच गादीवर सरकवत जवळ आणायची. "काकू, आधी पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, बाकीचं मागून येतं." गोळी व्यायामाच्या आधी घ्यायची हेही तिनेच डॉक्टरांना विचारून ठरवून दिलं. आता तलावपाळीला फेरी होते. घाणेकर नाट्यगृहात तीन अंकी नाटकही पाहिलं, मध्यंतरात उठून चालले म्हणून जमलं.

पट्टा मी अजून बांधते, रिक्षाने जाताना. ठाण्यातले खड्डे नवा गुडघाही ओळखतो.

काही गोष्टी मात्र पाळाच. पेसमेकर असलेल्यांनी असला पट्टा वापरू नये, शेजारच्या काकांनी "एक दिवस देता का?" विचारलं तेव्हा मी साफ नाही म्हटलं. ऑपरेशननंतर व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बरेचदा बधिर असते. पट्टा काचला तरी कळत नाही, म्हणून काढून रोज बघायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात मला खाली घामोळं आलं तेही दिसलं म्हणूनच कळलं. आणि पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली तर पट्टा बांधून वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. शिरेत रक्त गोठल्याची शक्यता असते.

वेल्क्रो चौथ्या महिन्यात सुटायला लागलं, शिवून घेतलं. घ्यायचाच असेल तर बिनचुंबकाचा साधा पट्टा मेडिकलमध्ये बऱ्याच कमी पैशांत मिळतो. माप उभं राहून घ्या आणि बसूनही घ्या. बसल्यावर मांडीचा घेर वाढतो. ऑपरेशननंतर लगेच माप घेतलंत तर ते सुजेचं असतं, नंतर पट्टा घसरत राहतो.