65 इंची पॅनल, दीड वर्षानंतर: खालची पट्टी पुसत चला

आमच्या वर्गातल्या पॅनलचा, म्हणजे बोटानं लिहायच्या मोठ्या टीव्हीसारख्या पडद्याचा, टच गेला तो 9 डिसेंबरला, परिपाठ संपल्यावर. दुसरीतल्या मुलीनं ‘झ’ गिरवायला बोट टेकवलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक लाल रेघ आपोआप वर चढत गेली. पोरगी घाबरली. ‘गुर्जी, म्या काय न्हाय केलं,’ म्हणत तिनं हात मागं घेतला. मी पॅनल बंद करून परत चालू केलं, तरी तेच. बोट उजवीकडं लावावं तर रेघ डावीकडं उमटायची.

जून 2024 मध्ये हे पॅनल आमच्या शाळेत बसलं. पाटण तालुक्यातली डोंगरातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट तेव्हा 34. पॅनल काय असतं, त्यात रॅम किती, हे सगळं आपल्या शिक्षकांना पाठ आहे, ते सांगत बसत नाही. पैसे कुठून आले ते मात्र सांगायला हवं, कारण माझा सगळा राग तिथंच येऊन थांबतो. 1,08,000 रुपये लागले. त्यातले 55,000 मुंबईकर मंडळींनी, म्हणजे गावातून कामाला मुंबईला गेलेल्यांनी, दिले. त्यातली बरीच मंडळी माथाडी काम करतात, पाठीवर पोती वाहतात. 20,000 यात्रा कमिटीनं दिले आणि उरलेले घरटी वर्गणीतून उभे राहिले. एका आजींनी अंडी विकून साठवलेले 200 रुपये माझ्या हातात ठेवले होते. त्या पॅनलला काही झालं की मला त्या नोटा दिसतात.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून का नाही घेतलं, असं बरेच जण विचारतात. त्यातला आयसीटीचा, म्हणजे संगणक-तंत्रज्ञानाचा, निधी सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. स्मार्ट क्लासरूमसाठी एकदाच 2.40 लाखांपर्यंत आणि वर चालू देखभालीच्या खर्चाला वर्षाला 38,000 पर्यंत, असा तो निकष आहे. चौथीपर्यंतच्या शाळेला लोकवर्गणीच शोधावी लागते. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्याचा कार्यक्रम 2015 ला सुरू झाल्यापासून गावोगावच्या शाळा डिजिटल झाल्या त्या बहुतेक अशाच, गावाच्या खिशातून. पण त्या निकषातला दुसरा आकडा माझ्या ध्यानात फार उशिरा आला. वस्तू घेतली की ती सांभाळायला दरवर्षी पैसा लागतो, हे तिथं लिहून ठेवलेलं आहे. आम्ही वर्गणी काढताना फक्त पॅनलची काढली. दुरुस्तीची काढली नाही, बॅटरीची नाही, अर्थिंगचीसुद्धा नाही.

तर टच गेल्यावर विक्रेत्याला फोन केला. बिलावर ‘3 वर्षे ऑनसाइट वॉरंटी’ असा शिक्का आहे. त्यांनी व्हिडिओ मागितला, मी पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘टच फ्रेम (पडद्याभोवतीची चौकट) गेलीय, फ्रेमला एकच वर्षाची वॉरंटी आहे.’ कार्डाच्या मागं बारीक अक्षरात तसं छापलेलं निघालं. नवी फ्रेम 18,500 आणि माणूस यायचे 1,500. मी अकरा फोन केले. प्रत्येक वेळी वेगळा मुलगा उचलायचा आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायचो. अहो, निदान येऊन बघा तरी, म्हटलं. आधी पैसे भरा, मग माणूस येईल, हेच उत्तर. व्हिडिओ बघून 20,000 चा खर्च सांगणं मला अजूनही पटलेलं नाही. त्याच महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, मी शेजारच्या दोन शाळांच्या गुरुजींना सांगून टाकलं, हे पॅनल घेऊ नका, दीड वर्षात टच जातो.

ते बोलणं आता मला मागं घ्यावं लागतंय.

नाताळच्या सुट्टीत गावातला एक मुलगा मुंबईहून आला होता. आयटीआय झालेला, तिकडं टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. संध्याकाळी शाळेत आला, दारं-खिडक्या लावून अंधार केला, पॅनल चालू केलं आणि मोबाइलचा पुढचा कॅमेरा फ्रेमच्या खालच्या पट्टीसमोर धरला. नुसत्या डोळ्यांना ती पट्टी काळी दिसते. मोबाइलमध्ये मात्र जांभळट ठिपक्यांची रांगच्या रांग पेटलेली दिसली. ‘गुर्जी, ह्याची काच टच नाही. फ्रेममधून न दिसणारे किरण सुटतात, बोटानं ते अडले की त्याला जागा कळते,’ तो म्हणाला. आणि डाव्या कोपऱ्यात वीतभर रांग फिकी पडलेली, दोन-तीन ठिकाणी तर ठिपकेच नाहीत.

मी बोट फिरवलं तर पांढरट थर हाताला लागला. खडूची भुकटी! पॅनल बसवणाऱ्यानं ते जुन्या फळ्याला अगदी खेटून लावलंय आणि फळ्याची खडू ठेवायची पट्टी पॅनलच्या डाव्या कोपऱ्यापासून चार बोटांवर येते. डस्टर आपटला की सगळं तिथंच. वर आमच्याकडचा पाऊस, चार महिने भिंती ओल्या. दोन पावसाळ्यांत ती भुकटी भिजून-वाळून घट्ट बसली होती. त्यानं पॅनल बंद करून प्लग काढला, आधी मऊ ब्रशनं आणि मग चष्म्याच्या कापडाचं टोक किंचित ओलं करून पट्टी पुसली. दहा मिनिटं वाळू दिलं. चालू केल्यावर मीच ‘झ’ काढून बघितला. रेघ बोटाखाली आली. मुलगा चहा पिऊन घरी गेला, पैसे घेतले नाहीत.

म्हणून माझं मत असं बदललं. पॅनल चांगलं आहे, सेवा वाईट आहे आणि बसवणूक सगळ्यात वाईट आहे. फळ्यापासून किमान तीन फूट लांब, शक्य तर वेगळ्या भिंतीवर लावून घ्या. बसवणारा म्हणेल, केबल पुरत नाही. केबल तुम्ही आणून द्या, दोनशे-तीनशेत येते. माझं ऐका, पॅनल घेण्याआधी विक्रेत्याला चार प्रश्न विचारणार असाल तर त्यातला पहिला भिंतीचा असू द्या. टचवर माशी बसली तरी तो फसतो, मग भुकटीचं काय सांगावं.

बाकीचं थोडक्यात. सोबत दिलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका, त्याचे पैसे कमी करून मागा. आमच्या पॅनलमध्ये पहिलीचा मजकूर भरून आला होता आणि 2025-26 ला पहिलीचं पुस्तक बदललं. विक्रेत्यानं नव्यासाठी वेगळं लायसन सांगितलं. दीक्षा हे सरकारी अ‍ॅप फुकट आहे, ई-बालभारती या पाठ्यपुस्तक मंडळाच्या साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत. पॅनलला कॅमेरा नाही म्हणून पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नाही असं आमच्या केंद्रातले बरेच जण म्हणतात, पण त्या चौकोनाशेजारी सहा अक्षरांचा कोड छापलेला असतो, तो दीक्षावर टाइप केला की तोच पाठ उघडतो. आमच्याकडं शाळेत रेंज नाही. मी पाटणला जातो तेव्हा आठवड्याचे व्हिडिओ मोबाइलमध्ये उतरवतो आणि शाळेत हॉटस्पॉट लावून स्क्रीन पॅनलवर घेतो. त्याला इंटरनेट लागत नाही.

आणि ज्यासाठी मी हे पॅनल कुणालाही विकू देणार नाही, तेही लिहितो. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपापल्या जिल्ह्याचं पुस्तक असतं. पुस्तकातला सातारा जिल्ह्याचा नकाशा हाताएवढा. मी कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आणि आमचा डोंगर यांची उपग्रहावरून काढलेली चित्रं पेनड्राइव्हवर आणली आणि मोठी करून दाखवली. पोरं आधी गप्प होती. मग एकानं बोटांनी चित्र ताणलं, कोयनेच्या काठानं वर सरकत गेला, आमची वाडी सापडली, वाडीतली विहीर सापडली आणि तिच्या शेजारी निळी ताडपत्री. ‘आमचा गोठा!’ म्हणून तो ओरडला. नंतर प्रत्येकाला आपलं घर शोधायचं होतं. उत्तर-दक्षिण त्या दिवशी मला शिकवावं लागलं नाही. सूर्य कुठल्या बाजूला उगवतो ते सांगत, भांडत त्यांनीच ठरवलं. नुसता टीव्ही असता तर हे झालं नसतं, इथं टचच लागतो. डिसेंबरात टच गेला तेव्हा माझा जीव एवढा का तुटला, ते यावरून कळेल.

आता दर शुक्रवारी शेवटच्या तासाला चौथीची दोन मुलं पट्टी पुसतात. ब्रश आणि कापड वेगळ्या डब्यात ठेवलंय, त्या डब्याला दुसरं कुणी हात लावत नाही. फळ्यावर डस्टर आपटायचा नाही, बाहेर पायरीवर झटकायचा. टच नीट चालतोय.

राहिला पैशाचा प्रश्न. आमच्या संयुक्त शाळा अनुदानाची, म्हणजे शाळा चालवायला सरकारकडून वर्षाला मिळणारी, रक्कम 25,000, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेला, बाकीत वीजबिल, रंग, खडू, कुलपं सगळं. इन्व्हर्टर आम्ही त्यातूनच कसाबसा घेतला. ही रक्कम पट 30 च्या वर असेपर्यंतच आहे, 30 किंवा खाली गेला की 10,000. यंदा आमचा पट 32 आहे. जूनमध्ये चौथीची नऊ मुलं बाहेर पडणार आणि अंगणवाडीतून सात येणार. म्हणजे बरोबर 30.

शाळा व्यवस्थापन समितीच्या जानेवारीच्या बैठकीत मी हा हिशोब फळ्यावर मांडला. यात्रा कमिटीनं दरवर्षी 4,000 वेगळे ठेवायचं कबूल केलंय, ‘पॅनल सांभाळ’ असं नाव देऊन रजिस्टरला नोंद केली. मुंबईकर मंडळाच्या अध्यक्षांशी फोनवर बोलणं झालंय, चैत्रात यात्रेला आल्यावर ते सांगतील. इन्व्हर्टरची बॅटरी आत्ताच लाइट गेल्यावर पाऊण तासात बसते, पूर्वी दोन तास चालायची. पावसाळ्याच्या आधी ती बदलायची आहे. कुणाला पाटण-कराड भागात रास्त भावात बॅटरी देणारा आणि जुनी परत घेणारा माणूस माहीत असेल तर कळवा.