पिवळ्या कार्डाची मागची बाजू

जानेवारीतल्या त्या पहाटे बाहेर उणे ५ होतं आणि आमचं बाळ सहा आठवड्यांचं होतं. रेडिएटरला हात लावला तर बर्फासारखा गार. स्वयंपाकघरातल्या बॉयलरवर कसलासा आकडा लुकलुकत होता आणि आतून गुडगुड आवाज येत होता. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला. नंतर तोच फोटो कामी आला.

भारतातल्या वाचकांसाठी सांगते, इंग्लंडमधला घरचा बॉयलर म्हणजे आपला बाथरूममधला गीझर नव्हे. तो गॅसवर चालतो. सगळ्या खोल्यांतले रेडिएटर त्याच्यावर तापतात आणि नळाचं गरम पाणीही तोच देतो. रेडिंगमधल्या आमच्या घरात दुसरी काहीच सोय नव्हती. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेली माझी आई पातेल्यात पाणी तापवत म्हणाली, "आपल्याकडचा बंब असता तर बरं झालं असतं गं." तिने स्वतःची शाल बाळाभोवती गुंडाळली होती. हे सगळं सांगतेय, कारण त्या माणसाने आमची हीच अवस्था हेरली.

गावातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत एका काकूंनी नंबर दिला. "चांगला आहे, आपल्यातलाच आहे, हिंदी बोलतो." मी त्यांना पुढे एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी त्याच्याकडून स्वयंपाकघरातला नळ बदलून घेतला होता, हे मला दोन महिन्यांनी कळलं. काकूंचा यात काही दोष नाही, त्यांनी मनापासून मदत केली. पण नळ बदलणं आणि गॅसचं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मी लक्षात घ्यायला हवा होता.

तो दुपारी आला. व्हॅनवर गॅस सेफचा, म्हणजे गॅसचं काम करायची कायदेशीर परवानगी असलेल्यांच्या नोंदणीचा, पिवळा त्रिकोण होता. नवऱ्याने त्या नोंदणीचं कार्ड मागितलं, तेव्हा त्याने पाकिटातून पिवळं कार्ड अर्धवट बाहेर काढून दाखवलं आणि परत आत सरकवलं. आम्हाला तेवढ्याने समाधान वाटलं. बॉयलरचं झाकण काढून त्याने पाचेक मिनिटं टॉर्च मारला आणि म्हणाला, हीट एक्सचेंजर, म्हणजे आतला पाणी तापवणारा भाग, गेलाय, या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत. नवऱ्याने विचारलं, तात्पुरता चालू करता येईल का? तेव्हा तो माझ्याकडे वळला. "दीदी, छोटा बच्चा है घर में, रिस्क मत लो."

त्या वाक्यापुढे आमचं काही चाललं नाही. नव्या बॉयलरचे एकूण २,६५० पौंड. निम्मे लगेच बँक ट्रान्सफरने, म्हणजे तो नवा बॉयलर आणून उद्याच बसवणार. रेडिएटरमधला गाळ काढायला पॉवर फ्लशचे ३५० त्यातच धरलेले. लेखी कोटेशन म्हणून व्हॉट्सअॅपवर दोन ओळी आल्या. दुसऱ्या दिवशी एका पोराला घेऊन आला आणि साडेतीन तासांत काम उरकलं. संध्याकाळी घर उबदार झालं, आईने त्याला चहा आणि चिवडा दिला. उरलेले पैसे आम्ही तो दारात उभा असतानाच पाठवले. दहा वर्षांची वॉरंटी आहे, कागद पोस्टाने येतील, असं सांगून तो गेला.

कागद आले नाहीत. बाळाच्या गडबडीत आम्हीही विचारलं नाही.

फेब्रुवारीत पुन्हा कडाका पडला आणि एका सकाळी नवा कोरा बॉयलर बंद. तोच गुडगुड आवाज. त्याला फोन केला, तो उचलला नाही. मेसेजवर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवसापासून नंबरच बंद.

या वेळी नवऱ्याने गॅस सेफ रजिस्टरच्या साइटवर आमचा पोस्टकोड घालून जवळचा नोंदणीकृत इंजिनिअर शोधला. साठीच्या आसपासचे गृहस्थ आले. दारातच त्यांनी आपलं कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, उलटून बघा. पुढच्या बाजूला फोटो, लायसन्स नंबर, मुदत. मागच्या बाजूला त्या माणसाला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे त्याची यादी. कुणाला फक्त कुकर, म्हणजे गॅसची शेगडी, जोडता येतो, कुणाला बॉयलर. फोटो खरा आणि मुदत चालू असली, तरी मागे बॉयलर लिहिलेला नसेल तर त्याने बॉयलरला हात लावायचा नाही. इतकी वर्षं इथे राहून हे मला ठाऊक नव्हतं.

बॉयलरकडे जायच्या आधी ते मागच्या अंगणात गेले. भिंतीलगत चार-पाच मीटर जाऊन मोरीत सुटणारा एक बारीक पांढरा प्लास्टिकचा पाइप त्यांनी दाखवला. हा कंडेन्सेट पाइप. आजकालचे बॉयलर धुरातली उष्णता काढून घेतात, तेव्हा जे पाणी सुटतं ते यातून थेंबथेंब बाहेर जातं. पाइप बारीक आणि उघडा असला की कडाक्याच्या थंडीत ते पाणी आतच गोठतं, बाहेर जायला वाट राहत नाही आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. त्यांनी कोमट पाण्याचे दोन तांबे पाइपवर ओतले आणि आत येऊन रीसेटचं बटन दाबलं. बॉयलर सुरू झाला.

मग मी त्यांना जानेवारीतला फोटो दाखवला. जुन्या बॉयलरवरचा तो आकडाही याच बिघाडाचा होता. म्हणजे आमचा जुना बॉयलर बिघडलाच नव्हता. दोन तांबे कोमट पाणी लागत होतं. ते ऐकून मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

खरी भीती पुढे होती. पहिल्या माणसाने काम कसं केलंय ते बघावं म्हणून त्यांनी मशीन लावून फ्लू तपासला. फ्लू म्हणजे जळालेला वायू भिंतीबाहेर नेणारी नळी. तिच्या आतल्या नळीतून धूर बाहेर जातो आणि बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते. बॉयलरजवळच्या सांध्यातलं रबरी सील दुमडलेलं होतं आणि धूर ताज्या हवेत मिसळून परत आत येत होता. अशाने ज्वाळा नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो, ज्याला ना वास ना रंग. त्यांनी आमची परवानगी घेऊन गॅस बंद केला आणि बॉयलरवर 'वापरू नका' असा लाल टॅग बांधला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. नव्हता. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये घरात नवा बॉयलर बसवताना तो लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

माझी आई दिवसभर त्याच स्वयंपाकघरात असायची, बाळाला मांडीवर घेऊन. त्या पाच आठवड्यांत तिचं डोकं सारखं दुखायचं. बंद घरातल्या कोरड्या हवेने दुखतंय, असं आम्ही म्हणायचो. ते नेमकं कशाने दुखत होतं हे आता सांगता येणार नाही, पण रात्री जाग आली की माझ्या मनात तेच येतं.

रेडिएटरमधलं थोडं पाणी त्यांनी काचेच्या ग्लासात काढलं. काळंकुट्ट. पॉवर फ्लश झालाच नव्हता. मॅन्युअलच्या शेवटी बेंचमार्क नावाचा तक्ता असतो, तिथे बसवणाऱ्याने गॅसचा दाब आणि तपासणीचे आकडे भरून सही करायची असते. तो कोरा होता. बॉयलर कंपनीला फोन केला तर वॉरंटीची नोंदच नाही, आणि नोंदणीकृत इंजिनिअरने बसवलेला नाही म्हणून आता करूनही मिळणार नाही. सगळ्यात सोपी खूण तर आम्ही हातची घालवली होती. बॉयलर बसवला की इंजिनिअरने ३० दिवसांत त्याची नोंद करायची असते आणि मग बिल्डिंग रेग्युलेशन्सचं, म्हणजे काम बांधकामाच्या नियमांप्रमाणे झाल्याचं, प्रमाणपत्र घरमालकाकडे येतं. ते आलं नाही, की काम कागदोपत्री झालेलंच नाही असं समजायचं.

पहिल्या माणसाचा लायसन्स नंबर आमच्याकडे नव्हता, कारण कार्ड हातात घेतलंच नव्हतं. व्हॅनच्या फोटोत त्रिकोणाखाली एक नोंदणी क्रमांक दिसत होता. तो साइटवर घातला, तर दुसऱ्याच गावातल्या दुसऱ्याच फर्मचा निघाला. त्यांना फोन केला, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनाही धक्का बसला.

पैशांचं म्हणाल, तर क्रेडिट कार्डने दिले असते तर १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीत काम फसलं की कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. कायद्याचं हे सेक्शन ७५. बँक ट्रान्सफरला ते लागू नाही. बँक म्हणते, बॉयलर तर मिळाला ना, हा तुमचा आणि कारागिराचा वाद आहे. आम्ही त्यावर पुन्हा तक्रार केली आहे. गॅस सेफ रजिस्टरला सगळे फोटो पाठवले. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनवर सांगितलं, तिथून ते ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे फसवणाऱ्या व्यावसायिकांवर कारवाई करणाऱ्या खात्याकडे जातं. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांसाठीच्या कोर्टात, १०,००० पौंडांपर्यंतचा दावा करता येतो, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि त्याने दिलेल्या पत्त्यावर बंद पडलेलं दुकान आहे.

त्या गृहस्थांनी दुसऱ्याच्या कामावर सही करायला नकार दिला, आणि मला ते योग्यच वाटलं. त्यांनी बॉयलर उतरवून पुन्हा नीट बसवला, नवा फ्लू घातला, रेडिएटर धुतले, बाहेरचा पाइप ३२ मिलिमीटरचा केला, त्यावर इन्सुलेशन चढवलं आणि अलार्म लावला. १,१८० पौंड, लेखी कोटेशन आधी, पैसे काम झाल्यावर. दोन आठवड्यांच्या आत प्रमाणपत्र घरी आलं.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. त्याच रात्री आणखी एका घरातून फोन आला. त्यांच्याकडेही डिसेंबरात तोच माणूस येऊन गेला होता आणि प्रमाणपत्र अजून आलेलं नव्हतं. त्यांच्या घरी दोन शाळकरी मुलं आहेत. मी त्यांना आधी बॉयलर बंद करायला आणि खिडक्या उघडायला सांगितलं, मग गॅसच्या आणीबाणीचा ०८०० १११ ९९९ हा नंबर दिला.