जुनी बुलेट रिस्टोर करू, कोणी केलेली आयती घेऊ, की सरळ नवी?

गोव्यात फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे, कुठंही बघा, पडवीत नाहीतर गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी सापडतेच, बाबांची नाहीतर काकांची, आणि गणेश चवथीला सगळे घरी जमले की कोणीतरी ती ताडपत्री उचलतं आणि विषय निघतो, की ही परत चालू करूया काय. लगेच दुसरा म्हणतो त्यात घालणार तेवढ्या पैशांत नवी येईल, तिसरा म्हणतो म्हापशाला एकजण रिस्टोर केलेली विकतोय ती बघ. हे तिन्ही रस्ते मी जवळून बघितलेत, घरची कास्ट आयर्न, म्हणजे जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची, बुलेट चालती करून मी वापरतोय, म्हणून जो आत्ता ठरवायच्या मधे अडकलाय त्याच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. गाडी घरची आहे आणि तिचे कागद जिवंत आहेत तर रिस्टोर करा, पैशांचं गणित बरोबर बसत नसलं तरी करा. रोज पणजीला कामाला जायला एकच गाडी हवी असेल तर नवी घ्या. आणि आयती रिस्टोर केलेली हा रस्ता दिसायला सगळ्यात सोपा, पण डोळे सगळ्यात जास्त उघडे तिथंच ठेवावे लागतात.

पैशांचं बोलू पहिलं

नव्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आकडा आधी कळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० काय नवी बुलेट काय, दोन्ही ३४९ सीसीच्या, म्हणजे बरोबर आत बसतात. ऑन रोड दोन लाखांच्या पुढं थोडं धरून चला, मॉडेल आणि रंगाप्रमाणे वर खाली. हप्ता ठरलेला, वॉरंटी आहे, सर्व्हिसिंग कधी ते पुस्तकात लिहिलेलं.

रिस्टोरेशनचा आकडा इंजिन उघडेपर्यंत कोणी सांगूच शकत नाही, जो उघडायच्या आधी पक्का आकडा सांगतो त्याच्याकडे मी तरी गाडी देणार नाही. आमच्या बाजूच्या गॅरेजांत जे ढोबळ दर चालतात त्यावरून सांगतो, बुलेटचं पूर्ण इंजिन म्हणजे बोअर-पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह, ऑइल पंप, क्लच प्लेटा, सगळे ऑइल सील आणि गॅस्केट असं धरलं तर तीस-चाळीस हजार जातात, मग वायरिंग, टायर-ट्यूब, चेन स्प्रॉकेट, ब्रेक शू, केबल्या, बेअरिंगं यांचे वीस-पंचवीस, आणि त्यानंतर येतो पेंट आणि क्रोम, जिथं माणूस खरा वाहवत जातो, कारण टाकी चकचकीत झाली की मडगार्ड जुनाट दिसायला लागतात, मडगार्ड केले की रिम दिसायला लागतात, मग स्पोक, मग हँडल, मग सायलेन्सर, आणि लाख कधी ओलांडला कळत नाही.

म्हणून माझं ठाम म्हणणं असं की 'शोरूमसारखी करणं' आणि 'चालती करणं' हे दोन वेगळे खर्च आहेत, ठरवायचं ते या दोघांत. चालती करणं म्हणजे इंजिन, ब्रेक, टायर, वायरिंग, पेट्रोलची लाइन, बस. जुना रंग राहूदे, टाकीवरचा पोचा पण राहूदे. हे शोरूमच्या साधारण अर्ध्या पैशांत होतं आणि वर्षभर चालवल्यावर तुम्हालाच कळतं की पुढचे पैसे घालायची इच्छा आहे की नाही. बोअर करताना, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून थोडा मोठा करताना, एक विचारून घ्या. पिस्टन ओव्हरसाईजचे मिळतात, दर बोअरला एक साईज संपते, शेवटच्या साईजनंतर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, मारावी लागते, म्हणून आत्ता सिलिंडर कुठल्या साईजवर आहे ते मोजून लिहून ठेवायला सांगा. आणि बोअर झाल्यावर पहिले पाचशे-हजार किलोमीटर हळू, चोर्ला घाट लगेच चढवायला जाऊ नका.

आयती घेताना विकणाऱ्यानं घातलेला खर्च वर त्याचा नफा असं सगळं तुम्ही देता, आणि मिळतो तो वरचा पेंट, कारण तेवढाच दिसतो. टाकीला लोहचुंबक लावून फिरवा, जिथं पकडत नाही तिथं खाली पुट्टी आहे. इंजिन गार असतानाच बघायला जा आणि आधी सांगून ठेवा की माझ्याआधी किक मारू नका, गरम इंजिन कुठलंही चालू होतं. चेसिस नंबर पंच केलेला आहे तिथला रंग जाड वाटत असेल, आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा असतील, तर किंमत कितीही कमी असू दे, तिथून उठा.

कागद, इथंच खरा निर्णय होतो

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून रिन्यू करायचं, आरटीओत गाडी दाखवायची. दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ वर्षांची जी अट आहे तशी गोव्यात नाही, तपासणीत पास झाली की गाडी रस्त्यावर चालते. रिन्यूअलची फी मात्र वाढत गेली. २०२२ मध्ये मोटारसायकलची १,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारसायकलला २,०००. यात रडण्यासारखं काही नाही, पण उशिराला दर महिन्याला ३०० रुपये लेट फी आहे आणि आपल्या ताडपत्रीखालच्या गाडीला उशीर म्हणजे वर्षानुवर्षांचा असतो, तेव्हा इंजिनला पाना लावायच्या आधी आरटीओत जाऊन किती भरायचं ते काढून घ्या.

गाडी आजोबांच्या किंवा बाबांच्या नावावर आणि ते आता नाहीत, असं असलं तर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, आणि त्यासाठी घरातल्या बाकी वारसांची संमती लागते. हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय. गोव्यात वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे, नवरा-बायकोच्या नावावरचं सगळं अर्धं-अर्धं धरलं जातं, मुलगे-मुली सगळ्यांचा हिस्सा, म्हणजे 'बाबांची गाडी माझीच' असं आपोआप होत नाही. लाख रुपये घालून झाल्यावर मुंबईच्या काकांना गाडीची आठवण येते, आधी नाही. चवथीला सगळे एकत्र असतातच, तेव्हाच आत्या, काका, सगळ्यांना विचारून लिहून घ्या, नाती पण नीट राहतात.

खूप जुनी गाडी असली, जुन्या जीडी सिरीजची, गोवा-दमण-दीव एकत्र असतानाची, तर तिचं रेकॉर्ड ऑनलाइन नसण्याची शक्यता असते, मग आरटीओच्या जुन्या रजिस्टरवरून ते कॉम्प्युटरवर चढवून घ्यावं लागतं. होतं ते काम, पण फेऱ्या होतात. तो जुना नंबर मात्र सोडू नका, हाय सिक्युरिटी प्लेट त्याच नंबरची मिळते.

पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झाली असतील तर व्हिंटेज रजिस्ट्रेशनचा रस्ता आहे, २०२१ च्या नियमांप्रमाणे, नंबरात व्हीए येतं, नव्या रजिस्ट्रेशनची फी २०,००० आणि मुदत १० वर्षं. पण त्यात गाडी मूळ रूपातच हवी आणि रोजच्या वापराला बंदी, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ज्याला बाजाराला, देवळाला, मित्राकडे ती घेऊन जायचंय त्यानं साधं रिन्यूअलच बघावं.

थर्ड पार्टी इन्शुरन्स तर हवाच, १५० ते ३५० सीसीला प्रीमियम १,३६६ रुपये अधिक टॅक्स. स्वतःच्या नुकसानीचं कव्हर हवं तर गाडीची व्हॅल्यू कंपनीशी बोलून ठरवावी लागते, तुम्ही लाखभर घातले म्हणून पॉलिसीत लाख दिसत नाहीत. नव्या गाडीला हा सगळा त्रास शून्य, शोरूमवाला सगळं करून हातात देतो, आणि ज्याच्याकडे वेळ नाही त्याच्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे, त्यात कमीपणा काही नाही.

कुठली गाडी आहे त्यावर पण आहे

बुलेटचं सोपं, कास्ट आयर्न इंजिनाचे पार्ट अजून बनतात, म्हापसा-मडगावात नाही मिळाले तर बेळगाव किंवा कोल्हापूरहून येतात. यामाहाची आरएक्स १०० म्हणजे १९८५ ते १९९६ ची, ९८ सीसी, ११ बीएचपी, तिला आज एवढी मागणी आहे की ओरिजिनल पार्ट सोन्याच्या भावानं जातात आणि डुप्लिकेट सगळीकडे, पार्ट घेताना पॅकेट बघून फसू नका, जाणत्या मेकॅनिकला बरोबर न्या. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तरी तिच्यावर जीव असलेले लोक खूप आणि पार्ट शोधले की सापडतात, फक्त टू-स्ट्रोकची ट्यूनिंग करणारा हात जवळपास आहे का ते आधी बघा. राजदूत १७५ घरची असेल तरच.

पाऊस, खारा वारा आणि पेट्रोल

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि किनाऱ्याला खारा वारा, क्रोमचा शत्रू. कळंगुट-कांदोळीच्या बाजूला राहणाऱ्यानं क्रोमवर फार पैसे घालू नयेत असं माझं म्हणणं, रिमला आणि बारीकसारीक पार्टना पावडर कोटिंग करा, दिसतं साधं पण टिकतं. फोंड्याच्या आत थोडं बरं असतं. नव्या गाडीलाही गंज लागतो पण तिचा पार्ट उद्या मिळतो.

पेट्रोल ही नवी अडचण. आता पंपावर ई२० येतं, वीस टक्के इथेनॉल, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील, कॉर्क हे त्यासाठी बनलेलेच नव्हते, ते फुगतात, कडक होतात, गळायला लागतात. इथेनॉल हवेतलं पाणी पण ओढतं, म्हणजे आपल्या जून-जुलैच्या हवेत टाकी आतून गंजायला वेळ लागत नाही. रिस्टोर करतानाच पेट्रोलचा पाइप, कॉक, कार्ब्युरेटरचे सील इथेनॉल चालणारे घाला, आणि पावसात महिनाभर गाडी काढणार नसाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. आत्ताची नवी गाडी ई२० साठीच बनलेली असते, तिला हा विचार करावा लागत नाही.

चालवताना

जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. हे ऐकून माहीत असतं, पण ज्याचा पाय दुसऱ्या गाड्यांना सवयलेला आहे त्याचा पाय घाईत चुकीच्या जागीच जातो, आणि पुढं ड्रम ब्रेक. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, सक्तीचं होऊन कित्येक वर्षं झाली, पावसात एनएच ६६ वर ट्रकच्या मागं त्याची किंमत कळते. म्हणून घरात एकच गाडी असणार असेल, बायकोनं, बहिणीनं, मुलानं पण तीच चालवायची असेल, तर जुनी ही पहिली गाडी म्हणून मी कोणालाच सुचवणार नाही. दुसरी गाडी म्हणून मात्र तिच्यासारखी नाही, सकाळी गावच्या रस्त्यानं साठच्या स्पीडला शेताच्या बाजूनं जाताना इंजिन जे बोलतं ते नव्या गाडीत मला मिळालेलं नाही, आणि नवी वाईट आहे म्हणून नाही, ती शांत आहे म्हणून.

मिळतं काय मग? विकून पैसे सुटतील या आशेनं कोणी घरची गाडी रिस्टोर करू नका, विकायला गेल्यावर घातलेले पैसे क्वचितच परत येतात. मिळतं ते दुसरंच. पॉइंट सेट कसे करतात, टॅपेट कसे ऐकतात, कार्ब्युरेटर कसा धुतात हे तुम्ही मेकॅनिकच्या बाजूला बसून शिकता, आणि कास्ट आयर्न बुलेट कानानं ओळखणारे ते जुने मेकॅनिक आता थकत चाललेत, त्यांची पोरं या कामात नाहीत. त्यांच्याकडून शिकायची वेळ आत्ताच आहे, मला हे मनापासून वाटतं. गावात गाडी उभी केली की कोणीतरी म्हातारा येऊन सांगतो की तुझ्या आजोबांबरोबर हिच्यावरूनच जत्रेला गेलो होतो, आणि ज्या आजोबांना तुम्ही नीट बघितलं पण नाही त्यांच्याबद्दल चार गोष्टी कळतात. नव्या गाडीच्या बिलात याची लाइन नसते.

करायचं ठरलंच तर वेळ अशी धरा. आरसी, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन पुस्तक, पावसाळ्यातच शोधा, हरवली असेल तर पोलिसांत कळवून फॉर्म २६ वर डुप्लिकेटचा अर्ज करा, वारसांची संमती चवथीला घ्या, इंजिन त्यानंतर उघडा. मेकॅनिकला पैसे टप्प्यानं द्या, काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, फोटो काढत चला. पेंट पावसात अजिबात नको, हवेतल्या ओलीमुळे फिनिश बिघडते, डिसेंबरनंतर द्या. आणि टाकीवरची सोनेरी रेघ स्टिकरची लावू नका, चेन्नईच्या कारखान्यात ती हातानं ओढतात, आपल्याकडे पण बोर्ड रंगवणारा एखादा पेंटर असतोच, त्याला गाडी दाखवा.