जिल्हा रुग्णालयातील ज्येष्ठांची ओपीडी: डॉक्टर चांगले, रांग अवघड

रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांसाठी मी आमच्या जिल्हा रुग्णालयात नियमित जातो, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या समवयस्कांचे म्हणणेही या अभिप्रायात धरले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि औषधे निःशुल्क झाल्याने दर महिन्याला मुलांपुढे हात पसरावा लागत नाही, ही गोष्ट बहुतेक जण सर्वांत आधी सांगतात. डॉक्टरांबद्दलही फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची आणि तिथून सुटण्याची.

२०१०-११ पासूनच्या ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र ओपीडी आणि दहा खाटांचा कक्ष अपेक्षित आहे. आमच्याकडे ज्येष्ठांची वेगळी खिडकी केवळ केसपेपरला असून औषधांसाठी सगळ्यांची एकच रांग लागते. गुडघे दुखणाऱ्या आजी आपली पिशवी रांगेत ठेवून भिंतीला टेकतात, आणि मागचे लोक त्या पिशवीचा नंबर इमानाने पाळतात, हेही नोंदवायला हवे. मला सर्वांत खटकते ती गोळ्यांची पट्टी मधोमध कापून देण्याची पद्धत: औषधाचे नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुसऱ्याच्या हाती गेला, तर मोतीबिंदू असलेल्या माणसाने सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती, हे ओळखायचे कसे? परिचारिका विचारल्यास पाकिटावर खूण करून देतात. मात्र विचारावे लागते, आणि ऐकू कमी येणारे बहुधा विचारतच नाहीत.